घाट बंद पडला तर

(दृश्य: तहसील कार्यालयातलं सभागृह, टेबलावर पसरलेला कोकणातल्या एका तालुक्याचा नकाशा)

निवेदन:
मे महिना. टेबलाभोवती तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, बांधकाम खात्याचे अभियंते. प्रशिक्षक चिठ्ठी वाचतात : "जुलै, रात्रीचे दोन. नदीनं इशारा पातळी ओलांडली. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. तासाभरात भरती. बोला."

"होड्या काढू."

"कुठल्या? १ जूनपासून मासेमारी बंद. होड्या शाकारून वर ओढलेल्या, इंजिनं उतरवलेली."

याला टेबलटॉप म्हणतात, आपत्तीची टेबलावर बसून केलेली तालीम. ना सायरन, ना पळापळ. आपत्ती व्यवस्थापनाच्या शिक्षणातला सगळ्यात स्वस्त तास, आणि घाम काढणाराही हाच.

(दृश्य: वाशिष्ठी नदी, चिपळूण, मग धुक्यातला घाट)

२२ जुलै २०२१. चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, बटालियन पुण्याकडे, म्हणजे मध्ये सह्याद्री. त्यात महाडकडचे रस्ते पाण्याखाली. पथकं पोचेपर्यंत ढिगारा उपसत होते ते आसपासचेच लोक.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. पुण्यात यशदा ही राज्याची प्रशासन प्रशिक्षण संस्था अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत या विषयात पदव्युत्तर पदवी घेता येते. आदेश कोणी द्यायचा, रसद कोणी बघायची, हे तिथे नीट शिकवतात. अडचण पुढेच आहे. साहेब तयार होतात आणि तीन वर्षांत बदली होऊन घाटावर जातात. तिथल्या दुष्काळी तालुक्यात उधाणाचं वेळापत्रक घेऊन करायचं काय?

(दृश्य: खाडीकाठ, दोरीच्या गाठींचा सराव)

बदली होत नाही ती गावकऱ्यांची. 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं : प्रथमोपचार, शोध आणि बचाव, पाण्यातून माणूस बाहेर काढणं. इथे एक खलाशी प्रशिक्षकांच्या आधी गाठ मारून मोकळा होतो, वर ओल्या दोरीला ती कशी आवळते तेही दाखवतो. पण बेशुद्ध माणसाच्या छातीवर दाब द्यायला तोही बिचकतो. हात नेमका कुठे ठेवायचा, हे त्याला चार वेळा दाखवावं लागतं.

(दृश्य: पुन्हा टेबल, आता कागद-पेन)

तालमीतून शेवटी हाताशी येते ती एक यादी. पावसाळ्यातही कुठल्या दोन होड्या इंजिनासकट तयार ठेवायच्या, डिझेल कोणाच्या पडवीत, कुठल्या वाडीत कोण अंथरुणाला खिळलेलं. बदलून येणाऱ्या तहसीलदारांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी ही यादी असायला हवी.