बुधवारची रात्र, रविवारची मॅच

[दृश्य: ब्रुकव्हेल मैदान, सिडनी. गवताचा उतार. मरून-पांढऱ्या टोप्या, अंथरलेल्या चादरी.]

सिडनीचा उत्तर किनारा. मॅनली सी ईगल्स या रग्बी लीग क्लबचं घरचं मैदान. या बाजूला खुर्च्या नाहीत, नुसता गवताचा उतार आहे. चादर टाकायची, पोरांना पुढे बसवायचं आणि मॅच बघायची. आता मात्र उतारावरच्या बहुतेक माना फोनमध्ये आहेत. मॅचला तासभर उरलाय आणि अंतिम संघ आत्ता जाहीर होईल. मंगळवारी दुपारी चारला पहिली यादी लागली होती, पण ती बुधवारच्या आधीची. बुधवारी रात्री या संघातले काही खेळाडू आपल्या राज्यासाठी खेळलेत. ते आज उतरणार का, आणि उतरावेत का, यावर चादरीचादरींवर वाद पेटलाय.

[दृश्य: स्टेट ऑफ ओरिजिन. ब्रिस्बेन, भरलेलं लँग पार्क. निळे आणि मरून झेंडे.]

बुधवारी होती ती स्टेट ऑफ ओरिजिन. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड. इथे क्लबची जर्सी उतरवायची आणि जिथे घडलात त्या राज्याची चढवायची.

[दृश्य: जुनं चित्रण, 1980.]

हे सुरू झालं 8 जुलै 1980 ला, याच मैदानावर. त्याआधी वर्षानुवर्षं क्वीन्सलंडचे चांगले खेळाडू सिडनीचे पैसेवाले क्लब उचलून नेत. तेव्हाच्या नियमानं ते मग न्यू साउथ वेल्सकडून, आपल्याच राज्याविरुद्ध खेळत. क्वीन्सलंडच्या रग्बी लीगचे प्रमुख रॉन मॅकऑलिफ यांनी आग्रह धरला की एकदा तरी आमची माणसं आम्हाला परत द्या. सिडनीतल्या अनेकांना तो नुसता तमाशा वाटला. पण त्या रात्री 33,210 लोक आले. हा पुढे चालतोय तो आर्थर बीटसन, वय 35, क्वीन्सलंडचा कर्णधार. समोरच्या संघातला मिक क्रोनिन त्याच्याच पॅरामॅटा क्लबचा; बीटसननं त्यालाही सोडलं नाही. क्वीन्सलंडनं मॅच 20–10 अशी जिंकली. 1982 पासून दरवर्षी तीन ओरिजिन होऊ लागल्या, आणि त्या बसवल्या गेल्या क्लबच्या चालू मोसमाच्या मधोमध. आजच्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

[दृश्य: टॅकल, संथ गतीत. आवाज फक्त मैदानाचा. दहा सेकंद निवेदन नाही.]

तेरा विरुद्ध तेरा, ऐंशी मिनिटं. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा त्यांचा माणूस धरून पाडला की चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणारी फळी दहा मीटर मागे पळते आणि लगेच धावत पुढे येऊन भिडते. शंभर किलोंच्या आसपासची माणसं, दोन्हीकडून वेगात. पुढच्या फळीतला एकेक जण मॅचमध्ये तीस-चाळीस वेळा असा आदळतो, म्हणून त्यांना अधूनमधून बाहेर काढून दम खाऊ देतात. हा रूबेन कॉटर. 2022 मध्ये क्वीन्सलंडकडून पहिलीच ओरिजिन खेळला आणि पूर्ण 80 मिनिटं बाहेर आला नाही.

[दृश्य: दुसरा दिवस. बर्फाचं पाणी, पट्ट्या, जिन्यावरून उतरणारे पाय. जवळून.]

मार लागलेले स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात. रक्तात त्यांच्या झिजेच्या खुणा त्यानंतरही काही दिवस दिसतात. सकाळी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, ते हे. मॅच रात्री उशिरा संपते, अंग तापलेलं असतं, झोप लागत नाही, आणि सकाळी विमान. 2025 ची दुसरी ओरिजिन पर्थला होती, म्हणजे अख्खा देश ओलांडून परत. क्लबची मॅच शुक्रवारी असेल तर हातात दोन दिवस, रविवारी असेल तर चार.

ओरिजिननंतर असं दोन-चार दिवसांतच क्लबसाठी पुन्हा उतरणं, याला इथल्या भाषेत बॅक-अप करणं म्हणतात. बॅक-अप करणाऱ्याचं कौतुक फार होतं. जेम्स टेडेस्को, पेन हास ही नावं या उतारावरही आदरानं घेतली जातात, आणि ते दोघे तर दुसऱ्या क्लबांचे.

[दृश्य: उतारावरचे प्रेक्षक, हातवारे. एक लहान मुलगी, पाठीवर आवडत्या खेळाडूचं नाव.]

खेळवा म्हणणाऱ्यांचं ऐकायला हवं. वर्षाचं सभासदत्व भरलंय, पोरांना ज्याच्यासाठी आणलं तो सूट घालून बाकावर बसणार. जिंकल्याचे दोन गुण जूनमध्येही दोनच असतात, आणि शेवटी बाद फेरीसाठी पहिल्या आठांत यायला तेच कमी पडतात. समोरचा क्लब आपले खेळवतोय, मग आपण का नाही? शिवाय कॅमरन स्मिथ 42 ओरिजिन खेळला, विक्रम आहे तो, आणि क्लबसाठी 430 मॅच. त्याला जमलं ना!

जमलं. पण स्मिथसारखं शरीर आणि नशीब घेऊन आलेले किती? शिवाय त्याच्या मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक क्रेग बेलामी यांनीच ओरिजिननंतर आपल्या मोठ्या खेळाडूंना कितीदा तरी बाहेर बसवलंय.

[दृश्य: टॉम ट्रबोजेविच, 2021 आणि 2023.]

या उतारावर हा वाद ज्याच्या नावापाशी येऊन थांबतो, तो टॉम ट्रबोजेविच. 2021 च्या पहिल्या ओरिजिनमध्ये त्याचे तीन ट्राय, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, न्यू साउथ वेल्स 50–6. त्याच वर्षी मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून डॅली एम पदकही त्याचंच. आणि ही 2023 ची दुसरी ओरिजिन, ब्रिस्बेन. छातीचा स्नायू फाटला, मोसम संपला. मॅनली त्या वर्षी पहिल्या आठांत आलं नाही.

[दृश्य: त्याच क्षणाचं चित्रण, पुन्हा. निवेदन नाही.]

ही दुखापत ओरिजिनमध्येच झाली, नंतरच्या विश्रांतीनं ती टळली नसती, हे खरं आहे. पण एवढ्या जोराच्या मॅचमधून जो धड परत येतो, त्याला दोन दिवसांत पुन्हा उभं करायचं, हे आम्हाला पटत नाही. आणि निर्णय त्याच्यावर सोडणं तर अजिबात नाही. खेळाडू नाही कधी म्हणणार? आत ड्रेसिंग रूममध्ये साथीदार बसलेत, बाहेर ही गर्दी. डोक्याच्या दुखापतीबाबत लीगनं हे ओळखलंय: 2023 पासून कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का, झालेल्याला सहसा किमान अकरा दिवस खेळता येत नाही, त्याची इच्छा असो वा नसो. स्नायूंसाठी तसा नियम नाही.

[दृश्य: वेळापत्रकाचा तक्ता. बुधवार लाल रंगात.]

वेळापत्रक हलवता येतं, हे आधी झालेलं आहे. 2018 मध्ये दुसरी ओरिजिन रविवारी ठेवली होती. त्या आठवड्याअखेर क्लबच्या मॅचच नव्हत्या, पॅसिफिक देशांच्या कसोट्या रंगल्या. 2020 मध्ये कोविडमुळे तिन्ही ओरिजिन नोव्हेंबरमध्ये, क्लबचा मोसम संपल्यावर झाल्या. बॅक-अपचा प्रश्नच आला नाही. महिलांच्या तीन ओरिजिन त्यांचा क्लब-मोसम सुरू होण्याआधीच आटोपतात. पुरुषांच्या मात्र 2023 पासून परत तिन्ही बुधवारी, कारण बुधवारी रात्री अख्खं घर टीव्हीसमोर असतं आणि प्रक्षेपणाचे पैसे त्यावर ठरतात.

[दृश्य: अंतिम संघाची घोषणा. उतारावर आरडाओरडा, काही टाळ्या.]

एक नाव गळलंय. त्याच्या जागी राखीव संघातला एक पोरगा आलाय आणि उतारावरचे निम्मे लोक त्याचं नाव फोनवर शोधतायत. चिडलेल्यांचा राग प्रशिक्षकावर आहे. तो वेळापत्रक आखणाऱ्यांवर हवा. ओरिजिननंतरच्या आठवड्याअखेरीला क्लबच्या मॅच ठेवू नका, आणि ठेवायच्याच असतील तर ज्या क्लबांचे खेळाडू बुधवारी खेळले, त्यांची मॅच रविवारच्या आधी नको. ही मागणी सभासद आपल्या क्लबकडे लेखी करू शकतात, आणि पुढच्या वर्षाचं वेळापत्रक छापून येण्याआधी ती करायला हवी.