माती खोटा इशारा देते तेव्हा

मंडळी, पुढच्या रांगेत अपशिंग्याचे माजी सैनिक बसलेत. पहिल्या महायुद्धात त्यांच्या गावाचे ४६ जवान गेले. त्यांच्यापुढे युद्धाबद्दल मी काय बोलावं? मी बोलणार आहे ते युद्ध संपल्यावर जमिनीत जे उरतं त्याबद्दल.

अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधले सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब होते, आणि ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. आजही पोरं ते चेंडू समजून उचलतात.

मेटल डिटेक्टर जमिनीतलं लोखंड दाखवतोच. पण तो सगळंच दाखवतो: खिळा, नाल, तुटका फाळ, बॉम्बच्या ठिकऱ्या. प्रत्येक खुणेवर माणूस गुडघे टेकून, खाली जिवंत गोळाच आहे असं धरून माती काढतो, आणि बहुतेक खड्ड्यांत भंगार निघतं. पैसा तिथेच संपतो, पलीकडचं शेत तसंच राहतं.

नवी उपकरणं तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून ती एकदम तोडतात. त्या क्षणी धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि काही मिलिसेकंदांत विरतात. पातळ पत्र्यातले लगेच विरतात, जाड कवचातले रेंगाळतात. शिवाय तोफगोळा लांबट-गोल. लांबीच्या दिशेने त्याचा प्रतिसाद एक, आडव्या दोन्ही दिशांनी सारखाच. वेड्यावाकड्या ठिकरीचं तसं नसतं, तिच्या तिन्ही दिशा वेगळं बोलतात. खणून खात्री केलेली पुष्कळ उदाहरणं देऊन संगणकाला हा फरक शिकवायचा, हेच इथलं मशीन लर्निंग. मग तो यादी लावून देतो: आधी इथे खणा, हे नंतर, हे सोडा.

आता आपल्या पायाखालची गोष्ट. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सातारा काळ्या बसाल्टवर वसलाय, वर कासच्या पठारावर जांभा. अशा दगडमातीत लोहाची चुंबकीय खनिजं असतात. वीज तोडल्यावर त्यांच्या बारीक कणांचं चुंबकत्व हळूहळू उतरतं आणि उपकरणाला वाटतं, खाली धातू आहे. हवाईतलं काहोओलावे बेटही ज्वालामुखीचंच. १९४१ ते १९९० तिथे अमेरिकी सैन्याने बॉम्बफेकीचा सराव केला, आणि साफसफाईच्या वेळी खुद्द मातीनेच असे खोटे इशारे दिले. वाळूत शिकलेलं मॉडेल अशा जमिनीवर तसंच्या तसं चालवलं तर ते फसणार. जिथे काम करायचं, तिथल्याच मातीत निकामी गोळे पुरून त्याची परीक्षा घ्यावी लागते.

भंगाराला बॉम्ब म्हटलं तर एक खड्डा फुकट जातो. बॉम्बला भंगार म्हटलं तर कुणाचा तरी पाय जातो, जीव जातो. संगणकाला या दोन चुकांतला फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘पंच्याण्णव टक्के अचूक’ असं ऐकलं की मी विचारतो, उरलेले पाच टक्के कोणत्या बाजूचे?

जबाबदार पथकं ‘सोडा’ म्हटलेल्या जागांपैकीही काही निवडून खणतात. तिथे एक जरी गोळा निघाला, तरी ती यादी बाजूला पडते आणि मॉडेलची शिकवणी पुन्हा सुरू होते.