उन्हाच्या शहरात ड जीवनसत्त्वाची कमतरता

ठाणे आणि नवी मुंबई ही शहरे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहेत. पावसाळ्यातील ढगाळ आठवडे सोडले, तर ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके ऊन येथे वर्षभर मिळते. तरीही ऐरोली-महापे पट्ट्यातील कार्यालयांत दिवस घालवणाऱ्या अनेकांच्या रक्त तपासणीच्या अहवालात ही पातळी दर मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली आढळते.

त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरण सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. खिडकीची साधी काचसुद्धा ते जवळजवळ पूर्णपणे अडवते, त्यामुळे काचेच्या इमारतीत मेजावर पडणारे ऊन डोळ्यांना कितीही लख्ख वाटले, तरी या कामी निरुपयोगी ठरते. घरोघरी दिला जाणारा कोवळ्या उन्हाचा सल्लाही येथे अपुराच पडतो. कारण सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच शोषले जातात आणि ते पुरेसे मिळण्याची वेळ म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड होते ती, अर्थात नेमकी कार्यालयीन वेळ. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हेच किरण शोषत असल्याने अशा व्यक्तीला अधिक वेळ उन्हात राहावे लागते. शरीरातील चरबी वाढली की रक्तातील पातळीही घटते.

मात्र एकाच विभागात, एकाच वेळापत्रकाने काम करणाऱ्या दोघांचे आकडे वेगळे का येतात, याचे उत्तर काही अंशी जनुकांत आहे. तीस हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढे आलेल्या जनुकांपैकी एक त्वचेतील कच्चे द्रव्य कोलेस्टेरॉलकडे वळवते, दुसरे यकृतातील रूपांतराशी निगडित आहे, तर तिसरे रक्तातून जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन घडवते. हे वाहक प्रथिन कमी असले की अहवालातील एकूण आकडा घसरतो. प्रत्यक्ष वापरासाठी मोकळे असलेले जीवनसत्त्व त्याच प्रमाणात घटलेले असेलच असे नाही. अभ्यासातील व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या, म्हणून त्यातील प्रमाणे ठाणेकरांना जशीच्या तशी लावणे योग्य नाही.

केवळ आकडा पाहून साठ हजार युनिटची पुडी स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे आहे, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ब-१२ जीवनसत्त्वाबाबत उन्हाऐवजी ताट महत्त्वाचे ठरते. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातील मासे खाणाऱ्या घरात ते आहारातूनच मिळते; शुद्ध शाकाहारी घराची मदार मुख्यतः दूधदुभत्यावर असते. येथेही जनुकांचा हात आहेच, शिवाय मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आतड्यातील शोषण मंदावते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही घट बरेच दिवस लक्षात येत नाही. म्हणून अशा रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी.