वाळू आणि बीड

(दृश्य: चिकोडीकडचा रस्ता, पहाट. उसाच्या ट्रॉल्यांची रांग.)

गाळपाचा हंगाम लागला की चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्याच ट्रॉल्या. मोळीच्या बुडख्याकडं बघा, माती चिकटलेली असते. ओल्या रानात तोड झाली असेल तर जास्तच. गव्हाणीत ऊस पडतो तशी ही मातीही पडते.

मातीत वाळूचे कण, म्हणजे गारगोटीच. कडकपणा मोजायच्या व्हिकर्स मापावर साधं मऊ स्टील १३०च्या आसपास भरतं, तर गारगोटी ११००च्या. श्रेडरचे, म्हणजे पिळण्याआधी ऊस कुटणाऱ्या यंत्राचे, हॅमर मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेत उसावर आदळतात, आणि दर फेऱ्याला हे कण त्यांना ओरखडतात.

(दृश्य: झिजलेला हॅमर, अगदी जवळून.)

या कोपऱ्यावरनं बोट फिरवा. नवा असताना इथं काटकोनी धार होती. आता वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी गोलाई आली आहे. अशा हॅमरनं ऊस कुटला जात नाही, नुसता चेचला जातो. मग रस चिपाडातच राहतो आणि चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जळतो. शेतकऱ्यानं वर्षभर पाणी पाजून वाढवलेली साखर ती. म्हणून ही झीज आम्हाला किरकोळ वाटत नाही.

(दृश्य: बेळगाव, उद्यमबाग. फाउंड्रीतल्या फर्नेसमधून लॅडलमध्ये पडणारा लोखंडाचा रस.)

घरातला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आठवा. त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइट होऊन बसलेला असतो, म्हणून तवा फुटला की आतनं करडा दिसतो. तेच बीड झपाट्यानं गार झालं, किंवा त्यात क्रोमियम घातलं, तर कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही. त्याचं कार्बाइड, म्हणजे धातू आणि कार्बनचं कडक संयुग होतं आणि बीड पांढरं पडतं. पण नुसत्या लोखंडाचं कार्बाइड जेमतेम हजारापर्यंत पोचतं, वाळूच्या जरा खालीच. क्रोमियम १२ ते ३० टक्के आणि कार्बन दोन ते साडेतीन टक्के ठेवला, की कार्बाइडची जातच बदलते. त्याचा कडकपणा १३००च्या पुढं जातो. इथं वाळू हरते. पुढं हे ओतीव १००० अंशांच्या आसपास तापवून हवेतच गार करतात, म्हणजे कार्बाइडभोवतीचं लोखंडही कडक होतं.

(दृश्य: फेटलिंगची, म्हणजे ओतीव माल साफ करायची जागा. साचे करणाऱ्या मोल्डरच्या हातात पांढऱ्या बिडाचा तुकडा.)

"मामा, घण घाला की याच्यावर."

"घालतो की. पर लांब व्हा आधी."

एकाच घावात दोन तुकडे. मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकते. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाला शोभतो, हॅमरला नाही. उसाच्या मोळीतनं एखादा दगड किंवा लोखंडाचा तुकडा आला की असा हॅमर फुटणार, आणि त्याचे तुकडे पुढं मिलच्या ऊस पिळणाऱ्या रोलरमध्ये जाणार. शिवाय याला भोक पाडता येत नाही, वेल्डिंग सोसत नाही.

म्हणून थर. मागं मऊ स्टील आणि पुढं पांढऱ्या बिडाची पाटी. मध्ये तांब्याचा पातळ पत्रा ठेवून ही जोडी निर्वात भट्टीत ११०० अंशांच्या आसपास तापवतात. तांबं वितळून दोघांच्या फटीत भिनतं आणि सांधा घट्ट होतो. वाळूशी झुंजायचं काम बिडाचं, धक्का सोसायचं स्टीलचं. बोल्ट, भोकं, वेल्डिंग सगळं स्टीलच्या बाजूला.

दुसरी तऱ्हा वेल्डिंगची. स्टीलच्या प्लेटवर क्रोमियम कार्बाइडचा थर चढवतात. गार होताना त्यावर बारीक आडवे तडे पडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माल वाया गेला. पण आकसताना पडलेला ताण तिथं मोकळा होतो, आणि तडा खालच्या मऊ स्टीलशी येऊन थांबतो.

(दृश्य: काळ्या रानात नांगर.)

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समनं १८०३ साली अशा फाळाचं पेटंट घेतलं, की ज्याची खालची बाजू साच्यातच झटकन गार करून कडक केलेली. वरची मऊ बाजू आधी झिजते, त्यामुळं फाळाला आपोआप धार राहते. थर दोन, ओतणं एकच. आपल्या फाउंड्रीतही साच्यात 'चिल', म्हणजे रस झटकन गार करणारा धातूचा तुकडा, बसवतात तो याचसाठी. आणि बेळगावला लोखंडी नांगराचं नवल ते काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो इथंच घडवला. किर्लोस्करवाडी वसली ती १९१०मध्ये, त्यानंतर.

(दृश्य: साखर कारखाना, रात्र. फिरता रोलर, ठिणग्या.)

रोलरचं गणित मात्र वेगळं. पोलादी शाफ्टवर करड्या बिडाचं कवच तापवून बसवलेलं असतं. इथं गुळगुळीतपणा नको, नाहीतर ऊस निसटतो. म्हणून मिल चालू असतानाच वेल्डर रोलरच्या दात्यांवर कडक धातूचे दाणे सोडत राहतो. हेच ते 'आर्किंग'. रस उडतोय, वाफ येतेय, आणि काचेमागचे त्याचे डोळे एकाच दात्यावर. दाता पुढं सरकतो. तो पुढचा दाणा टाकतो.