पाटी लावली, दंड ठेवला. पण तंबाखू सोडवणार कोण?

नमस्कार. आज बोलूया विद्यापीठात काम करणाऱ्यांबद्दल. विद्यार्थ्यांसाठी व्यसनमुक्तीच्या रॅली निघतात, 31 मेला, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, शपथ होते. पण परीक्षा विभागातला लिपिक, प्रयोगशाळेतला परिचर, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आणि हो, वर्गावर शिकवणारे प्राध्यापकसुद्धा, यांची तंबाखू सुटावी म्हणून आपण काय करतो? बहुतेक ठिकाणी एक पाटी लावतो. ‘धूम्रपान निषिद्ध.’

कायदा थोडक्यात सांगते. 2003 चा कोटपा, म्हणजे तंबाखूची विक्री-वापर यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा. कलम 4 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केलं तर 200 रुपयांपर्यंत दंड. कलम 6 प्रमाणे शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखू विकायला बंदी. दोन्ही तरतुदी हव्यातच. पण कलम 4 फक्त धुराबद्दल बोलतं. गालात बार धरून दिवसभर फायली हातावेगळ्या करणारा माणूस त्यात येतच नाही.

आणि महाराष्ट्रात खरा प्रश्न त्याचाच आहे. 2016-17 च्या ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हेत राज्यातले सुमारे 27 टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यात विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम 4 टक्के. तंबाखू खाणारे, लावणारे 24 टक्क्यांच्या पुढे; काही जण दोन्ही करतात. त्यामुळे परदेशातल्या विद्यापीठांचा ‘स्मोकिंग सेसेशन’, म्हणजे धूम्रपान सोडवण्याचा, कार्यक्रम जसाच्या तसा उचलला, तर ज्यांना मदत हवी त्यातले बहुतेक बाहेरच राहतात. मिश्री लावणाऱ्या सफाई कामगार बाई तर कुणाच्या खिजगणतीतही नसतात.

मग चालतं काय? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तंबाखू सोडवण्याचा कार्यक्रम राबवला होता. त्याचा अहवाल 2009 साली छापून आला. तंबाखू वापरणारे 104 कामगार होते. समुपदेशन झालं, मग वर्षभर पुन्हा पुन्हा पाठपुरावा झाला. प्रत्येक फेरीला सोडणाऱ्यांचा आकडा वाढत गेला आणि वर्षाअखेर 40 टक्क्यांवर पोचला. मला यातला पाठपुरावा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एक शिबिर, एक भाषण, एक ग्रुप फोटो, एवढ्याने हे होत नाही. निकोटिन, म्हणजे तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य, सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही. हा त्रास दोन ते चार आठवडे रेंगाळतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं, ‘काय दादा, कसं चाललंय?’

विद्यापीठात हे बसवायचं तर आधी भीती काढावी लागेल. आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं आणि उद्या ते साहेबांच्या टेबलावर गेलं तर? म्हणून नोंद गुप्त ठेवायची, सेवापुस्तिकेशी तिचा काहीही संबंध नको. समुपदेशन कामाच्या वेळेत हवं. सहा वाजता सुटून बस पकडणारा माणूस सातच्या सत्राला थांबणार नाही. आणि कंत्राटी कामगारांना वगळू नका. पहारा आणि साफसफाई बहुतेक त्यांच्याच हाती असते. बायकांसाठी समुपदेशक बाईच हवी, नाहीतर मिश्रीची गोष्ट त्या काढणारच नाहीत.

आता औषधांचं. निकोटिनचं च्युइंगगम 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये मिळतं. ते साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नाही. तिखटसर चव येईपर्यंत हळूहळू चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी नको, कारण निकोटिन नीट शोषलं जात नाही. ऑफिसात चहा सतत फिरतो, त्यामुळे नेमकं इथेच बिघडतं आणि माणूस म्हणतो, ‘गमचा काही उपयोग नाही.’ किती मिलिग्रॅमचं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्याही आहेत, त्याही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

तुमच्या विद्यापीठात यातलं काहीच नसेल तरी थांबू नका. राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर लिहून घ्या: 1800-11-2356. फोन मोफत आहे. हाच नंबर तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो.

आणि तंबाखू, गुटखा किंवा सुपारी खात असाल तर आत्ता आरशासमोर जा. तोंड पूर्ण उघडा. आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी, दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, किंवा गालात पांढरा चट्टा दिसत असेल, तर याच आठवड्यात जवळच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दाखवा.