पाय जड झाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याचं धावणं असतं. धावणारे त्याला सरळ लाँग रन म्हणतात. आज बोलायचं आहे ते त्या लाँग रनमधल्या एका ठरावीक घटकेबद्दल. ठरवले होते ३० किलोमीटर, २२ झालेत. मांड्या दगडासारख्या झाल्यात, घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, घसरत चाललाय आणि डोकं सारखं म्हणतंय, बस्स झालं, घरी चल.

या घटकेला जो तो एकच सल्ला देतो : दात-ओठ खाऊन रेटत राहा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. "जड जातंय" एवढं म्हटलं की त्याच्या पोटात बऱ्याच गोष्टी येतात. इंधन संपलेलं असू शकतं, अंग तापलेलं असू शकतं, सुरुवात जोरात झालेली असू शकते, नुसता वैताग असू शकतो, नाहीतर कुठेतरी खरोखरची इजा झालेली असू शकते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. इजेवर तर रेटणं हा उपायच नाही. तेव्हा आधी ओळखायचं, मग जिद्दीला हात घालायचा.

इंधनापासून सुरुवात करू, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅममागे ४ किलोकॅलरी धरल्या तर झाल्या २,०००. धावताना खर्च किती? ढोबळमानाने दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ किलोकॅलरी. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ३० किलोमीटरला १,८०० लागतात. कागदावर हिशेब जेमतेम जुळतो, प्रत्यक्षात जुळत नाही, कारण हातांच्या स्नायूंतली साखर पायांना उसनी मिळत नाही. ज्या स्नायूत साठा, त्यानेच तो वापरायचा. चरबीही जळत असते म्हणून आपण तरून जातो, पण वेग वाढवाल तसा साखरेचा वाटा वाढतो आणि साठा लवकर तळाला जातो.

यकृतातला साठा रक्तातली साखर सांभाळतो आणि मेंदू मुख्यतः त्या साखरेवर चालतो. म्हणून २२व्या किलोमीटरला अचानक सगळं निरर्थक वाटायला लागलं, रस्त्यावरच्या माणसांचा उगाच राग यायला लागला, साधी बेरीज जमेना, तर स्वभावाला दोष देऊ नका. आधी काहीतरी गोड घ्या. धावताना खायला छोट्या पाकिटात गोड, घट्ट जेल मिळतं; एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, मध्यम आकाराच्या केळ्यातही जवळपास तेवढीच. जेल साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. गोड पेयाबरोबर घेतलं तर पोटातलं मिश्रण फार दाट होतं, ते लवकर पुढे सरकत नाही आणि मळमळ सुरू होते. फरक जाणवायला १०-१५ मिनिटं लागतात. तोंडात कर्बोदकं आल्याबरोबर मात्र मेंदू थोडा सैल सोडतो. सायकलपटूंवरच्या २००४ सालच्या एका प्रयोगात कर्बोदकांचा द्रव नुसता तोंडात खुळखुळवून थुंकला, तरी सुमारे तासाभराच्या टाइम ट्रायलमधली, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीतली, वेळ सुधारली होती.

खरं तर ही पाळीच येऊ द्यायची नाही. दीड तासापेक्षा जास्त धावायचं असेल तर ३०-४० मिनिटांनी पहिला घास, आणि पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. नुसतं ग्लुकोज असेल तर आतड्याला तासाला ६० ग्रॅमच्या वर फारसं पेलवत नाही. सोबत फ्रुक्टोज असेल तर सवयीने ९० पर्यंत जाता येतं, कारण ते आतड्यातल्या वेगळ्या वाटेने शोषलं जातं. पोटालाही सराव लागतो. शर्यतीत जे खाणार, ते लाँग रनमध्येच खाऊन पाहायचं.

आता पाणी. "जमेल तितकं प्या" हा जुना सल्ला धोक्याचा ठरला आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. त्याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट होती शर्यतीदरम्यान वाढलेलं वजन, म्हणजेच घामापेक्षा जास्त प्यायलेलं पाणी. तुम्हाला किती लागतं ते वजनकाटा सांगेल. धावण्याआधी आणि नंतर, घाम टिपून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घटलं म्हणजे जवळपास १ लिटर घाम गेला. वाटेत प्यायलात ते त्यात मिळवा, तासांनी भागा. असं दोन-तीनदा, वेगवेगळ्या हवेत केलं की स्वतःचा आकडा कळतो. वजन थोडं घटणं ठीक आहे, वाढणं ठीक नाही.

उकाड्याचा मामला वेगळा. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक उष्णतेत जाते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, आणि तोच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. दोन तासांत त्याच पेसला १०-१५ ठोके वाढलेले दिसले तर घाबरायचं कारण नाही, पण पेसचा हट्ट सोडायचा. अशा दिवशी घड्याळाकडे पाठ फिरवा आणि बोलून पाहा : एक पूर्ण वाक्य मध्ये धाप न लागता म्हणता येतंय का? येत असेल तर वेग बरोबर. डोक्यावर, मानेवर पाणी ओता.

इथे एक लक्ष्मणरेषा आहे. उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, गरगरणं, पावलं वेडीवाकडी पडणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही दिसलं तर धावणं तिथल्या तिथे संपलं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सावलीत घ्या, मदत बोलवा, आणि ती येईपर्यंत थंड पाण्याने शक्य तितकं पूर्ण अंग गार करत राहा. उष्माघातात आधी गार करायचं, मग हलवायचं. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तरीही थांबायचंच.

जोरात सुरुवात करण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लाँग रनचा पेस मॅरेथॉनच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे ४५ ते ९० सेकंद हळू असावा. पहिल्या ५ किलोमीटरला "आज फारच हळू चाललंय" असं वाटलं पाहिजे. न वाटलं तर त्याची किंमत २२व्याला मोजावी लागते, आणि तेव्हा पेस किलोमीटरमागे ३० सेकंदांनी उतरवण्यापलीकडे हातात काही नसतं. उलटंही लक्षात ठेवा : पहिली १५-२० मिनिटं पाय जड वाटले म्हणून दिवस वाईट ठरवू नका, यंत्र गरम व्हायला तेवढा वेळ लागतोच.

राहिलं डोकं. संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांच्या २००९च्या प्रयोगात काही जणांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. ते नेहमीपेक्षा लवकर थांबले. हृदय आणि स्नायूंची मोजमापं मात्र वेगळी नव्हती, कष्ट तेवढे जास्त वाटत होते. म्हणून आठवडाभराच्या डोकेफोडीनंतरचा लाँग रन त्याच पेसला जड जातो, आणि तो खोटा जडपणा नसतो.

अशा वेळी उरलेले ८ किलोमीटर मोजू नका. पुढचा खांब, पुढचं वळण, पुढची ५ मिनिटं, एवढंच मोजा. लक्ष शरीराच्या अशा भागांवर न्या जे हुकूम ऐकतात : खांदे खाली, मुठी सैल, जबडा सुटा, पाऊल लहान. दमल्यावर पाऊल लांब टाकायची खोड असते, टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि प्रत्येक वेळी ब्रेक लागतो. त्याच वेगाला मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या ५ टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. स्वतःशी बोलायचं तर "मी दमलोय" म्हणण्यापेक्षा "तू खांदे सोड, श्वास सोड" असं बोला. हुकूम दिला की काम सापडतं. शर्यतीच्या ऐन कष्टात केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे हसताना दिसतो, ते बरेचदा मुद्दाम असतं. करून बघायला पैसे पडत नाहीत.

तरीही सोडावंसं वाटलं तर निर्णयाआधी एक क्रम पाळा. जेल आणि चार घोट पाणी. २ मिनिटं चाल. मग १० मिनिटं अगदी सावकाश धाव. त्यानंतरही तसंच वाटत असेल तर घरी जा, बिनधास्त जा. बरं वाटलं तर पुढे ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल असं करून अंतर पुरं करा. चालण्याची लाज धरू नये. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी धाव-चाल या पद्धतीवरच अनेकांना मॅरेथॉन पुरी करायला शिकवली. फक्त त्यांच्या पद्धतीत चालणं पहिल्या किलोमीटरपासून असतं, पाय संपल्यावर नाही.

पोटरीत गोळा आला तर सगळे मिठाकडे धावतात. बहुतेकदा तो थकलेल्या स्नायूचा गोळा असतो. थांबा, पंजा स्वतःकडे ओढून २०-३० सेकंद ताण द्या, मग हळू सुरू करा. बरगडीखाली चमक आली तर वेग कमी करा, श्वास पूर्ण बाहेर सोडा आणि दुखऱ्या जागी बोटांनी दाबून धरा.

इजा ओळखायची कशी? थकवा दोन्ही पायांत असतो, पसरलेला असतो आणि कमी-जास्त होतो. इजेचं दुखणं सहसा एकाच बाजूला असतं, बोट ठेवून दाखवता येतं आणि पावलागणिक वाढतं. नडगीच्या हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, किंवा चाल लंगडी झाली असेल, तर उरलेले किलोमीटर विसरा. म्हणूनच फोन आणि परतीच्या गाडीचे पैसे सोबत हवेत. वेदनाशामक गोळी खाऊन धाव पुरी करू नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात, शिवाय जे दुखणं थांबवायला सांगत होतं तेच दबून जातं.

संपल्यावर एकदम बसू नका, १० मिनिटं चाला. मग वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, पुढच्या काही तासांत, खारट खाण्याबरोबर. तासाभरात जेवण, त्यात २०-२५ ग्रॅम प्रथिनं. वहीत चार गोष्टी लिहा : जड वाटायला लागलं तो किलोमीटर, तोवर खाल्लेले ग्रॅम, हवा, आणि पहिल्या ५ किलोमीटरचा पेस. तीन-चार रविवारांत काय चुकतंय ते त्या रकान्यांतच दिसतं. आणि अर्धवट राहिलेले ६ किलोमीटर सोमवारी भरून काढायचे नसतात. ते राहिले ते राहिले. सोमवारी विश्रांती.

नमस्कार.