सौ. देशपांडे म्हणजे नेमक्या कोण?

अध्यक्षीणबाईंनी वीस मिनिटं दिली आहेत. त्यातली काही कूलरपायी गेली. चालू ठेवला तर मी ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात बंद ठेवा म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा मीच ओरडते.

विषय ‘जुन्या महिला मंडळांची दप्तरं’. धंतोलीतल्या एका मंडळाचं कपाट मला उघडायला मिळालं. वाळवीनं आपला वाटा आधीच उचलला होता. उरलेल्या वह्यांत संक्रांतीचं हळदीकुंकू, शिवणाचा वर्ग, कोजागिरीचं दूध, आणि दर सभेला ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’. एका पानावर सूचना मांडली सौ. देशपांडे यांनी, अनुमोदन सौ. देशपांडे, आभार सौ. देशपांडे! मला वाटलं, बाई स्वतःलाच अनुमोदन देऊन राहिली की काय? पुढे चिटणीसबाईंनी शक्कल काढली: सौ. देशपांडे (वकील), सौ. देशपांडे (मॉरिस कॉलेज), सौ. देशपांडे (विहिरीजवळच्या). पहिल्या दोघींच्या कंसात नवरे बसलेत. तिसरीच्या यजमानांचा धंदा सांगण्याजोगा नसावा. पण निदान विहीर तरी तिच्या वाट्याला आली. हसू नका, तुमच्या मंडळाची वर्गणीची यादी मी बाहेर बघितली आहे.

खरी गंमत खालच्या कप्प्यात. तिथे तारेला ओवलेल्या पावत्या. सतरंज्या घालणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार. खाली जांभळ्या शाईचा अंगठा आणि शेजारी चिटणीसबाईंच्या हातचं ‘निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची’, मग तिचं स्वतःचं नाव, नवऱ्याचं, आडनाव. पैसे दिल्याचा पुरावा लागतो ना! म्हणजे जिनं सतरंजी घातली तिचं नाव आपल्याला ठाऊक, आणि जी त्यावर बसून अध्यक्ष झाली ती नुसती सौ. तरी रद्दीत आधी काय जातं? पावत्या. इतिवृत्ताला मात्र रेक्झिनची बांधणी! हे सांगून सांगून माझा घसा बसला.

चिठ्ठी आली. बरं, मुख्य मुद्दा, धावत. २० जुलै १९४२ ला याच शहरात, मोहन पार्कात, दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका, बाबासाहेबांचं भाषण. ठराव घटस्फोटाच्या हक्काचा, बहुपत्नीत्वाविरुद्धचा, गिरणीतल्या बायकांच्या रजेचा. त्याआधी, १९२२ ला, जाईबाई चौधरींनी इथेच मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली होती. सुलोचनाबाई, जाईबाई: नावं बघा, कंस नाहीत. हक्क मागायला उभ्या राहिल्या की नाव लागतं. दूध आटवायला ‘सौ.’ पुरतं. धंतोलीच्या वहीत त्या जुलैत एकच नोंद आहे: ‘पावसामुळे सभा तहकूब.’

कमलाताई होस्पेट आणि त्यांचा बाळंतिणींसाठीचा, १९२१ चा मातृसेवा संघ राहूनच गेला, त्यावर पुन्हा बोलवा. दुसरी चिठ्ठी येतेय. चहाला जाण्याआधी एवढंच: घरी मंडळाचे ग्रुप फोटो असतील तर सासूबाईंना विचारून, आजच, मागे पेन्सिलीनं नावं लिहा. पेननं नको, शाई पुढे उमटते.